फेसाचा जमाखर्च

चमचाभर खाण्याचा सोडा एका पेल्यात घ्यावा आणि त्यावर थोडा शिरका ओतावा. पुढे काय होते ते सांगण्यास कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही. पेला फसफसून येतो, फेस काठापर्यंत चढतो, क्वचित बाहेरही सांडतो, आणि थोड्याच वेळात सारे शांत होते. पेल्याला हात लावला तर तो किंचित गार झालेला आढळतो. दोन्ही पदार्थ बेताच्या प्रमाणात पडले असतील, तर तळाशी राहिलेल्या पाण्यात शिरक्याचा आंबटपणा राहत नाही आणि सोड्याची खारट चवही राहत नाही. शिरका घरात नसेल तर लिंबू चालते, ताकही चालते. ढोकळ्याचे पीठ भिजवणाऱ्या गृहिणीने हा प्रयोग शेकडो वेळा केलेला असतो; त्याला प्रयोग म्हणावे असे मात्र तिला कधी वाटलेले नसते.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी नव्हे, इतिहासाचा. म्हणून मला या फेसाविषयी वेगळेच कुतूहल वाटते. आंबट पदार्थ आणि क्षार एकत्र आले की उकळी फुटते ही गोष्ट माणूस फार पूर्वीपासून पाहत आला आहे. आंबलेल्या द्राक्षरसाचा शिरका भूमध्य समुद्राच्या काठी प्राचीन काळापासून घरोघर होता. क्षार तर सर्वत्रच होते: मिसर देशातील सरोवरांच्या काठी साचणारा नेट्रन, आपल्याकडील सज्जीखार, लाकडाची राख, खडू, शिंपले, चुनखडी. क्लिओपात्रा राणीने पैजेसाठी आपल्या कानातला मोती शिरक्यात विरघळवून तो पिऊन टाकला, ही प्लिनी या रोमन ग्रंथकाराने सांगितलेली कथा सर्वांच्या परिचयाची आहे. कथा खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवला, तरी ती रचणाऱ्याला मोती आणि शिरका यांचे वैर ठाऊक होते यात शंका नाही. कारण मोती म्हणजे तरी चुनखडीचेच एक उंची भावंड. इतकी शतके हा फेस डोळ्यांसमोर येत होता आणि विरत होता. विरताना तो काय घेऊन जातो, हे मात्र कोणी विचारले नाही. हा प्रश्न हाती तराजू घेऊन विचारला गेला तो थेट अठराव्या शतकाच्या मध्यास, स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी. आणि विचारणारा होता वैद्यकाचा पंचविशीतला एक विद्यार्थी.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी त्याच्या दोन पूर्वसूरींना नमस्कार करावयास हवा. पहिला ब्रुसेल्सचा यान बाप्तिस्ता फान हेल्मोंट. हा सतराव्या शतकातला वैद्य अर्धा किमयागार आणि अर्धा शास्त्रज्ञ होता. बासष्ट पौंड कोळसा जाळला तर एक पौंड राख उरते. मग एकसष्ट पौंड गेले कोठे, असे त्याने विचारले. जे गेले त्याला नाव नव्हते, म्हणून ग्रीक भाषेतील 'केऑस' या शब्दावरून त्याने 'गॅस' हा शब्द घडविला. आज स्वयंपाकघरापासून कारखान्यापर्यंत आपण जो शब्द वापरतो तो या एका माणसाच्या कल्पनेतून निघालेला आहे. कोळशातून निघणारा, मद्य आंबताना सुटणारा आणि खेकड्याच्या पोटात सापडणाऱ्या चुनखड्यांवर शिरका ओतला असता उसळणारा वायू एकाच जातीचा, हेही त्याने ओळखले आणि त्याला 'रानटी वायू' म्हटले. कारण तो भांड्यात कोंडता येत नाही, कोंडू गेल्यास भांडेच फोडतो, अशी त्याची समजूत होती. या गृहस्थाला धर्मन्यायालयाच्या रोषामुळे काही काळ घरात स्थानबद्ध राहावे लागले, आणि त्याचे बहुतेक लेखन तो 1644 साली वारल्यानंतर चार वर्षांनी त्याच्या मुलाने प्रसिद्ध केले.

दुसरा इंग्लंडमधील टेडिंग्टन गावचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स. याने 1727 साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींवरील ग्रंथात निरनिराळ्या पदार्थांतून निघणारी हवा पाण्याने भरलेल्या भांड्यात उपडी धरून ठेवण्याची आणि मोजण्याची युक्ती सांगितली. घन पदार्थात हवा 'बद्ध' होऊन राहू शकते, हा विचार त्याचा. मात्र निघालेली प्रत्येक हवा ही आपण श्वासात घेतो तीच हवा, असे तो धरून चालला. पाण्याला चवीने किंवा गंधाने नावे द्यावीत पण पाणी ते पाणीच, तशी हवा ती हवाच, असा त्या काळाचा साधा समज होता.

आता या कथेत शास्त्राहून निराळी अशी एक गोष्ट शिरते, ती म्हणजे वेदना. अठराव्या शतकातील युरोपात मुतखडा हा फार मोठा आणि फार भयंकर विकार होता. शस्त्रक्रिया होती, पण भूल नव्हती. ईथरची भूल सार्वजनिक रीतीने सिद्ध व्हावयास 1846 साल उजाडावे लागले. रोग्याला मेजाला बांधून, चार माणसांनी धरून, मूत्राशयातला खडा काढीत. सॅम्युअल पेपिस हा इंग्लंडच्या आरमार खात्यातला अधिकारी, म्हणजे एका अर्थाने आम्हा सरकारी नोकरांचा पूर्वज, 1658 च्या मार्चमध्ये या दिव्यातून जिवंत बाहेर आला. तो दिवस दरवर्षी मेजवानी देऊन साजरा करण्याचे त्याने ठरवले आणि काढलेला खडा ठेवण्यासाठी एक खास पेटी करवून घेतली. यावरून हे संकट केवढे वाटत असेल याची कल्पना यावी. इंग्लंडचा महामंत्री रॉबर्ट वॉलपोल याच विकाराने गांजलेला होता.

अशा वेळी शस्त्र न लावता खडा विरघळवणारे औषध कोणी सांगितले, तर लोक त्यापुढे काय ठेवणार नाहीत? जोॲना स्टीफन्स नावाच्या बाईने असे औषध आपल्याजवळ असल्याचे जाहीर केले आणि त्याची कृती उघड करण्यासाठी पाच हजार पौंड मागितले. लोकवर्गणी पुरेना, तेव्हा ब्रिटिश संसदेने 1739 साली ही रक्कम देण्याचा कायदा केला. जून महिन्यात 'लंडन गॅझेट'मध्ये ती गुप्त कृती प्रसिद्ध झाली. तीत होते काय, तर अंड्यांची जाळलेली टरफले, जाळलेल्या गोगलगायी, साबण, मध आणि काही रानपाला. कँटरबरीचे आर्चबिशप ज्यांत होते अशा विश्वस्तांच्या मंडळाने औषध गुणकारी असल्याचा दाखला दिला आणि पुढील वर्षी पैसे चुकते झाले. या बाईंची शिफारस हिरिरीने करणारा तत्त्वज्ञ-वैद्य डेव्हिड हार्टले स्वतः मुतखड्याचा रोगी होता. समित्या, दाखले आणि मंजुऱ्या यांच्या सहवासात ज्याचे आयुष्य जाते त्या माणसाला हे प्रकरण वाचून हसू येते. परंतु ते फार वेळ टिकत नाही. दाखल्यावर सही करणारे मूर्ख नव्हते. भोवतालची माणसे किंचाळत होती, आणि त्यांना आशा हवी होती.

शिवाय या औषधात एक तथ्य दडलेले होते. जाळलेले टरफल म्हणजे दुसरे काही नसून चुना. डॉक्टरांनी बाकीचा पालापाचोळा बाजूला सारला आणि चुन्याची निवळी तेवढी उचलली. एडिंबरोच्या विद्यापीठात दोन नामांकित प्राध्यापकांत यावरून मोठा वाद जुंपला. रॉबर्ट व्हाइट म्हणत, शिंपल्यांच्या चुन्याची निवळी श्रेष्ठ; चार्ल्स ऑल्स्टन म्हणत, खाणीतल्या चुनखडीच्या निवळीत काही कमी नाही. या वादाच्या मुळाशी आणखी जुना प्रश्न होता: चुना झोंबतो का? चुनखडी जिभेवर ठेवली तर काही होत नाही. तीच भट्टीत भाजली की तिची चुनकळी होते, ती कातडी भाजते, पाण्यात टाकली तर खदखदून वाफा सोडते. चुन्याची भट्टी ज्याने पाहिली आहे त्याला त्या काळचे उत्तर अगदी पटण्यासारखे वाटेल. विद्वान म्हणत, भट्टीतल्या अग्नीचे कण दगडात शिरतात, आणि तेच पुढे चावतात. अग्नीत गेलेली वस्तू अग्नी घेऊन बाहेर येते, यात नवल ते काय?

जोसेफ ब्लॅक याच वादाच्या काळात एडिंबरोत येऊन पोचला. त्याचा जन्म 1728 साली फ्रान्समधील बोर्दो या बंदरी झाला. बाप तेथे मद्याचा व्यापार करीत असे, घराणे बेलफास्टकडचे. ग्लासगोत विल्यम कलन या उत्तम शिक्षकाच्या हाताखाली त्याने रसायनाचे धडे घेतले आणि वैद्यकाची पदवी घेण्यासाठी तो एडिंबरोस आला. प्रबंधासाठी विषय हवा होता. मुतखड्यावर अधिक प्रभावी निवळी शोधावी अशी त्याची इच्छा. पण चुन्याला हात घालावा तर दोन गुरुजनांपैकी एकाचा रोष ठरलेला. ज्यांच्यासमोर परीक्षेस बसावयाचे त्यांच्या भांडणात पडू नये, हे शहाणपण विद्यार्थ्यांना सर्व देशांत असते. ब्लॅकने चुना सोडून 'मॅग्नेशिया आल्बा' हा पांढरा, निरुपद्रवी, पोटातील आंबटपणावर दिला जाणारा पदार्थ निवडला. तोही आम्लात टाकला की सोड्यासारखाच फसफसत असे.

येथून पुढे त्याने जे केले ते दिसावयास अगदी साधे आहे. त्याने वजन केले. केवळ सुरुवातीला आणि शेवटी नव्हे, तर प्रत्येक पायरीवर. एक औंस मॅग्नेशिया त्याने तांबे वितळेल एवढ्या आचेवर तासभर तापवला. बारा भागांतले सात भाग वजन नाहीसे झाले. उरलेला पदार्थ आम्लात टाकला, तो विरघळला खरा, पण फसफसला नाही. म्हणजे जे फसफसत होते तेच आचेने उडून गेले होते. वाफ झाली म्हणावी, तर बंद भांड्यात तापवून पाहिले तेव्हा थोडेसे पाणी हाती लागले; एवढ्याशा पाण्याने एवढ्या मोठ्या तुटीचा हिशेब लागत नव्हता. तूट हवेची होती.

तूट कशाची हे सांगणे सोपे असते. ती भरून दाखवणे अवघड. हिशेबनिसाला विचारा. ब्लॅकने ती भरून दाखवली. 120 ग्रेन मॅग्नेशिया त्याने भाजला. एक ग्रेन म्हणजे सुमारे अर्धी गुंज, यावरून किती अल्प वजनांशी तो खेळत होता ते ध्यानी येईल. भाजून 52 ग्रेन उरले. ते आम्लात विरघळवून त्यात त्याने सौम्य क्षार घातला, म्हणजे असा क्षार की जो स्वतः आम्लात फसफसतो. पांढरा साका तळाशी बसला. धुऊन, वाळवून त्याचे वजन केले, ते भरले 110 ग्रेन. आणि हा साका आम्लात टाकताच पहिल्यासारखा जोराने फसफसला. क्षारात बद्ध असलेली हवा मॅग्नेशियात परत गेली होती. दहा ग्रेनांची खोट राहिली, तीही त्याने लपवली नाही.

आपला प्रबंध त्याने 1754 च्या जूनमध्ये विद्यापीठास सादर केला. तो लॅटिन भाषेत होता आणि त्याचे नाव जठरातील आम्लाविषयी होते. त्यात नव्या रसायनशास्त्राचा पाया आहे असे ते नाव वाचून कोणाला वाटले नसते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याने कलन यांना लिहिलेल्या एका पत्रात मला त्या प्रबंधाहूनही जिवंत क्षण आढळतो. खडूवर गंधकाम्ल ओतून उंच काचपात्रात त्याने फेस उठवला होता. पात्राच्या तोंडाशी जळत असलेली मेणबत्ती त्यातून उतू आलेल्या अदृश्य हवेने विझली. मग त्याने जळता कागद पात्रात धरला, तोही पाण्यात बुडवावा तसा विझला. पात्र तर रिकामे दिसत होते. सोडा आणि शिरका यांच्यावर हा प्रयोग आजही कोणास करून पाहता येईल. फेस बसल्यावर पेल्यातली हवा हलक्या हाताने, पाणी ओतावे तशी, मेणबत्तीवर ओतावी; ज्योत मालवते. डोळ्यांना काही दिसत नाही आणि दिवा विझतो, हे पाहताना पंचविशीतल्या त्या तरुणाला काय वाटले असेल? पत्रात त्याने उद्गार काढलेले नाहीत. वासही वाईट नव्हता, एवढेच नोंदवले आहे.

पदवी हाती आल्यावर गुरुजनांच्या रोषाचे भय राहिले नाही आणि ब्लॅक चुन्याकडे वळला. या प्रयोगांचा निबंध त्याने 1755 साली एडिंबरोच्या विद्वत्सभेत वाचला. पुढल्या वर्षी तो छापून निघाला. येथेही तेच तंत्र. 120 ग्रेन खडू भाजून 68 ग्रेन चुनकळी मिळाली. ती सौम्य क्षाराच्या पाण्यात घोळवून, धुऊन, वाळवली. वजन भरले 118 ग्रेन, आणि वस्तू पुन्हा सर्वार्थाने खडू झालेली. न भाजलेला 120 ग्रेन खडू पूर्ण विरघळवण्यास पातळ मिठाम्ल लागले 421 ग्रेन. तेवढाच खडू भाजून केलेल्या चुन्यास लागले 414. म्हणजे खडूत काय आणि चुनकळीत काय, आम्लाशी गाठ बांधणारा मूळ चुना तोच आणि तेवढाच. फरक एका हवेचा.

या आकड्यांनी अग्निकणांची जुनी उपपत्ती पार कोसळली. भट्टीत चुनखडीला काही मिळत नाही. तिच्यातून काही जाते. चुना झोंबतो तो त्यात अग्नी शिरला म्हणून नव्हे, तर त्याची जोडीदार हवा त्याला सोडून गेली म्हणून. आणि ती हवा पुन्हा मिळवण्यासाठी तो समोर येईल त्या सौम्य क्षारातून ती हिसकावून घेतो. ज्याच्याकडून हिसकावली तो क्षार मग स्वतः दाहक होतो. साबण करणारे लोक राखेच्या पाण्यात चुना मिसळून ते 'तिखट' करीत आले होते. त्यामागचे कारण आता प्रथमच कळले. शिरका आणि सोड्याचा फेसही याच हिशेबात बसतो. आम्लाचे क्षाराशी सख्य अधिक असते. ते जवळ आले की क्षार आम्लाच्या पदरात जातो आणि बद्ध हवा मोकळी होते. हेल्सचाच शब्द घेऊन ब्लॅकने तिला 'बद्ध वायू' म्हटले. हा वायू म्हणजे आपण पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत कर्बद्विप्राणिल म्हणून शिकलो आणि आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो तोच. हवेच्या अनेक जाती असतात, त्यांपैकी एक वजनाने, गुणाने आणि स्वभावाने निराळी काढून दाखवता येते, हे यापूर्वी कोणी सिद्ध केलेले नव्हते.

मुतखड्याचे काय झाले, असे कोणी विचारील. काही झाले नाही. भाजलेला मॅग्नेशिया चुन्याप्रमाणे पाण्यात उतरेना, त्याची निवळी होईना. ब्लॅकने हे सरळ सांगून टाकले. ज्या रोग्यांसाठी हा उद्योग आरंभला त्यांच्या हाती काही पडले नाही. इतिहासाच्या पुस्तकांत या अपयशाला एक ओळही क्वचित मिळते. एडिंबरोच्या गल्लीत त्या वर्षी विव्हळणाऱ्या माणसाला मात्र बद्ध वायूचा शोध लागला काय आणि न लागला काय, सारखेच होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या शेजारीशेजारी ठेवाव्यात असे मला वाटते.

पुढची हकीकत झपाट्याने घडली. हेन्री कॅव्हेंडिश या अबोल, धनाढ्य इंग्रजाने 1766 साली हा वायू साध्या हवेच्या दीडपटीहून थोडा जड असल्याचे मोजून दाखवले. लीड्स शहरी मद्याच्या भट्टीशेजारी राहावयास गेलेल्या जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाला पिंपांवर तरंगणारा हा वायू फुकट सापडला. तो पाण्यात मिसळण्याची रीत त्याने 1772 साली एका पुस्तिकेत दिली. समुद्रप्रवासात खलाशांना जडणाऱ्या स्कर्व्ही रोगावर हे पाणी चालेल अशी त्याला आशा होती. ती खोटी ठरली, कारण त्या रोगाला फळांतले जीवनसत्त्व लागते, बुडबुडे नव्हे. परंतु जगाला सोडावॉटर मिळाले. जेकब श्वेप याने 1783 साली जिनीव्हात त्याचा धंदा उभा केला, आणि हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी बसवण्याची कल्पना काढली. अंगठ्याने गोटी दाबली की 'फट्' असा आवाज करून बाहेर पडणारा वायू हा ब्लॅकचा बद्ध वायूच.

पॅरिसमध्ये लाव्हाझिए याने ब्लॅकचे प्रयोग पुन्हा करून पाहिले, हा वायू कोळसा आणि प्राणवायू यांचा बनलेला आहे हे दाखवले, आणि 1789 च्या आपल्या ग्रंथात वस्तू नाश पावत नाही, जमेची बाजू खर्चाच्या बाजूस नेहमी जुळली पाहिजे, हा रसायनाचा दंडक घालून दिला. लाव्हाझिए हा व्यवसायाने सरकारी कर वसूल करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. त्याच व्यवसायापायी 1794 साली राज्यक्रांतीच्या न्यायालयाने त्याचा शिरच्छेद करविला.

खुद्द आपला खाण्याचा सोडा या कथेत बराच उशिरा येतो. ब्लॅकच्या काळी बाजारात मिळे तो धुण्याचा सोडा आणि राखेतला क्षार. त्यात आणखी तितकाच बद्ध वायू भरून तयार होणारा सौम्य सोडा बर्लिनच्या व्हॅलेंटिन रोझ या औषधविक्रेत्याने 1801 साली केला. आजच्या हिशेबाने 84 ग्रॅम सोडा आम्लात पूर्ण विरला तर त्यातून 44 ग्रॅम वायू निघतो. म्हणजे पुडीतला अर्ध्याहून अधिक ऐवज उडून जाणाराच असतो. एका लहान चमच्याच्या, सुमारे पाच ग्रॅम सोड्यातून सव्वा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो. ढोकळा फुगतो तो त्यातल्या अगदी थोड्या अंशावर.

पुढे कापड, काच आणि साबण यांच्या गिरण्यांची सोड्याची भूक राखेने आणि सरोवरांनी भागेना. निकोला लब्लांक याने 1791 साली मिठापासून सोडा करण्याची रीत काढली. क्रांतीने त्याचा कारखाना घेतला, आणि 1806 साली विपन्नावस्थेत त्याने स्वतःचा अंत केला. बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्व्हे याने 1861 पासून जी रीत बसवली ती मात्र टिकली. तिच्यात चुनखडी भाजून निघालेला वायू अमोनिया मिसळलेल्या मिठाच्या पाण्यात सोडतात, आणि तळाशी जो पांढरा साका बसतो तो खाण्याचा सोडाच असतो. ब्लॅकच्या काचपात्रातली घडामोड येथे उलट्या दिशेने, मनोऱ्याएवढ्या भांड्यांत चालते. आपल्या देशात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मिठापूर येथे 1939 साली स्थापन झालेल्या टाटा केमिकल्स कंपनीने हा उद्योग मोठ्या प्रमाणावर उभा केला. महाराष्ट्राजवळ मात्र सोड्याचे निसर्गदत्त कोठार फार पूर्वीपासून होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात साठलेले आहे. त्याच्या खाऱ्या पाण्यातून उन्हाळ्यात काठाशी जमणाऱ्या क्षारांचा व्यापार एके काळी चालत असे, आणि काच व साबण यांस लागणारे द्रव्य तेथे मिळते अशी नोंद अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. त्या क्षारावर कोणी लिंबू पिळले असेल, तर तोही फसफसला असेल.

पुन्हा ब्लॅककडे येऊ. 1756 साली तो ग्लासगोत प्राध्यापक झाला आणि 1766 साली एडिंबरोत. वाफेतली सुप्त उष्णता त्याने शोधली आणि जेम्स वॅटशी त्याचा स्नेह जडला. त्या विषयावर त्याने ओळही छापली नाही. लिहिण्याचा त्याला आळस होता असे म्हणतात. मला तो आळसापेक्षा संकोच वाटतो. जे तोलून पाहिले नाही ते कागदावर उतरवू नये, असा काहीसा त्याचा स्वभाव होता. विद्यार्थी फी देण्यास येत तेव्हा शेजारच्या मेजावर पितळी तराजू असे आणि अनोळखी विद्यार्थ्याच्या गिनीचे वजन केल्याशिवाय ती पेटीत पडत नसे. बाजारात घासलेल्या, हलक्या गिन्यांचा सुळसुळाट होता. काही चरित्रकारांनी याला कंजूषपणा म्हटले आहे.

बद्ध वायूवरचा त्याचा एक प्रयोग फारसा कोणास ठाऊक नाही. माणसाच्या श्वासातूनही हाच वायू बाहेर पडतो हे त्याने चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ओळखले होते. निवळी दुधासारखी पांढरी होते. ग्लासगोत असताना, 1764-65 च्या हिवाळ्यात, त्याने एका चर्चच्या छतातील हवा जाण्याच्या वाटेत चिंध्या लावल्या आणि त्यांवरून चुन्याची निवळी ठिबकत राहील अशी व्यवस्था केली. खाली सुमारे दीड हजार माणसे दहा तास प्रार्थनेस बसली होती. सायंकाळी चिंध्यांवर जमलेली पांढरी पूड त्याने काढली. तो खडू होता. दीड हजार भाविकांनी गाइलेली स्तोत्रे, ऐकलेली प्रवचने आणि टाकलेले सुस्कारे यांचा तेवढा भाग चुन्यात बद्ध होऊन खाली उतरला होता.

ब्लॅकची प्रकृती आयुष्यभर नाजूक राहिली. अखेरच्या वर्षांत तो अगदी मोजके खाई: थोडी भाकरी, चार सुके आलुबुखारे आणि पाणी मिसळलेले मापाचे दूध. 1799 साल संपता संपता एके दिवशी तो असाच जेवावयास बसला होता. दुधाचा पेला त्याने हातात धरून गुडघ्यांवर टेकवला. नोकर आत डोकावला, धन्याला डोळा लागला असे समजून परत फिरला, आणि थोड्या वेळाने पुन्हा आला तेव्हा त्याच्या ध्यानात आले. पेल्यातले दूध सांडले नव्हते.